धोटे मॅडमची बंगई

धोटे मॅडमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाचा चहा नेहमी अर्धा राहायचा. चहा चांगलाच असायचा, आलं ठेचून घातलेला, साखर जरा चढी. पण पाहुणा व्हरांड्यातल्या बंगईवर ऐसपैस बसला, दोन झोके घेऊन मागच्या लोडाला टेकला, की मॅडम समोरच्या वेताच्या खुर्चीतून विचारायच्या, "बसाले बरी आहे ना?" पाहुणा म्हणायचा, वा, झकास, कुठून घेतली? मग मॅडम चष्मा पुसत पुसत सांगायच्या, "घेतली नाही, बनवली. माझी तिरडी आहे ते."

विम्याचा एक एजंट हे वाक्य ऐकून जो उठला तो बॅग विसरून गेला आणि बॅग न्यायलाही परत आला नाही. मॅडमच्या एका चुलत नणंदेला काय करावं ते सुचेना, म्हणून ती उठून बंगईच्या पाया पडली. झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात आणि नागपुरात घरोघरी ती असते. पण मालकिणीने स्वतःच्या अंत्ययात्रेचा विचार करून टांगलेली बंगई मी तरी एवढीच पाहिली. पाहिली काय, तिच्यावर बसून शेकडो चहा प्याले.

मॅडम आणि मी एकाच पॉलिटेक्निकात होतो. मी गणित शिकवायचे, त्या मशीन ड्रॉइंग. ठेंगण्याठुसक्या, रंगाने सावळ्या, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल शोधत त्या सगळी स्टाफरूम पालथी घालायच्या आणि आम्ही कोणी सांगायचो नाही. पर्समध्ये मोजायची टेप कायम. पोरं त्यांना 'मिलीमीटर मॅडम' म्हणायची, हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. मोघम बोलणं त्यांना खपत नसे. 'थोड्या वेळात येते' म्हटलं की पलीकडून प्रश्न यायचा, थोड्या म्हणजे किती? माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी सहज म्हणाले की नवरा बऱ्यापैकी समजूतदार आहे, तर बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "आकडा सांग."

भांडण त्यांना वर्ज्य नव्हतं, पण त्यांची भांडायची रीत वेगळी होती. तोंडाने फार बोलायच्या नाहीत, वस्तूला बोलायला लावायच्या. ड्रॉइंग हॉलमध्ये एकदा नवी स्टुलं आली. ती पोरांच्या मापाची. मुली त्यांच्यावर बसल्या की पाय लोंबकळायचे आणि तासाभराने मुंग्या यायच्या, म्हणून बिचाऱ्या उभ्यानेच चित्रं काढायच्या. मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, स्टुलं स्टँडर्ड आहेत. मॅडम "बरं" म्हणून निघून आल्या. पुढच्या मीटिंगला प्राचार्य आपल्या खुर्चीत बसले आणि त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. मॅडमनी वर्कशॉपमधून खुर्चीच्या पायांना खालून ठोकळे लावून आणले होते. साहेबांनी दोन तास पाय हलवत बजेटवर भाषण केलं. पुढच्या महिन्यात स्टुलांचे पाय कापले गेले.

अशा बाईच्या वाटेला त्यांच्या सासरच्यांनी जायला नको होतं.

धोटे साहेब, म्हणजे मॅडमचे यजमान वामनराव, वीज खात्यात होते. उंच, अबोल, घरी आल्यावर कुंड्यांना पाणी घालणारा माणूस. ते ऐन मे महिन्यात, आंघोळीला जातो म्हणून उठले आणि जागीच गेले. नरखेड तालुक्यातल्या गावाहून त्यांचे मोठे भाऊ आले, मॅडमचे भासरे, सोबत त्यांचा मुलगा आणि भावकीतले पुरुष. मॅडमला एकच मुलगी, मृणाल; ती तेव्हा शिकत होती. तिरडी बांधून झाली तेव्हा मॅडम पुढे होऊन म्हणाल्या की मी आणि मृणाल खांदा देणार.

भासरे वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. आवाज न चढवता त्यांनी मॅडमला समजावलं. बाया घाटावर येत नाहीत, असंही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुमची उंची जमत नाही, कुसुमबाई. खांदा वरखाली झाला का तिरडी कलते. वामन पडला रस्त्यात तं लोक काय म्हणतीन?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅडम मागे सरल्या. फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या. अग्नी पुतण्याने दिला. मृणाल फाटकाची कडी धरून उभी होती आणि ती कडी तिच्या हातातून सोडवायला मला बोटं एकेक करून उचलावी लागली.

तेरवी झाल्यावर मॅडम कॉलेजात आल्या. मी शेजारी जाऊन बसले. काहीतरी सांत्वनाचं बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "धर्म काढला असता तं मी भांडली असती, नाहीतर गप बसली असती. त्याइनं उंची काढली, मीना. उंची माझा विषय आहे."

आणि त्यांनी पर्समधून टेप काढली आणि मला दाराला टेकून उभं राहायला सांगितलं. जमिनीपासून खांद्यापर्यंत माप घेतलं. कशाचं माप, हे मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तू मले उचलशील ना?" मी रागावले. खरंच रागावले, म्हटलं, नवरा जाऊन पंधरवडा झाला नाही आणि हे काय अभद्र. त्या म्हणाल्या, यात अभद्र काय, मी मरणार नाही असं तुला कोणी सांगितलं?

मृणालचं माप घेतलं; ती बापावर गेलेली, ताडमाड. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या शोभाचं घेतलं. शोभा म्हणाली, बाई, एकटीनं उचलीन तुमाले, चौघी कायले पाहिजेत? वरच्या मजल्यावरच्या वंदनावहिनींचं घेतलं. वंदनावहिनी आधी हसल्या, मग रडल्या, मग तयार झाल्या. अशा चार खांदेकरी ठरल्या. चौघींत एकीची उंची दुसरीला मिळेल तर शपथ.

इतर माणसं अशा वेळी इच्छापत्र करतात. मॅडमनी ड्रॉइंग केलं. जुनी बंगई सागवानी होती, तिच्या फळीचं वजनच एवढं की आधी तिलाच चार माणसं लागली असती. ती काढून टाकली. कळमेश्वरला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडून हलक्या पाइपाची चौकट करून घेतली आणि तिला नवार विणली. विद्यार्थी मॅडमला नाही म्हणू शकला नाही, पण कामगारांना त्याने स्ट्रेचर आहे असं सांगितलं. चौकटीखाली दोन्ही बाजूंना गोल कड्या होत्या. बंगईच्या चार साखळ्या काढायच्या, व्हरांड्याच्या पडद्याचे दोन लांब पाइप ओढून त्या कड्यांतून सरकवायचे, झाली तिरडी. पाइपांच्या टोकांना खाली चार गाद्या बसायच्या, खांद्यावर टेकायला. मी चौघींत बुटकी म्हणून माझ्यासाठी सर्वांत जाड, मृणालसाठी अगदी पातळ, बाकी दोघींच्या मधल्या. एरवी त्या गाद्या बंगईवर लोड म्हणून पडलेल्या असत. येणारे-जाणारे म्हणायचे, शिंप्याने सगळे लोड वेगवेगळे करून ठेवलेत. मॅडम म्हणायच्या, शिंप्याने बरोबर केलेत, बाया वेगवेगळ्या आहेत.

पाइप आणि नवार जाळायची नाही, हेही त्यांनी बजावून ठेवलं होतं. घाटावरून परत आणायची, धुवायची आणि पुन्हा टांगून तिच्यावर बसायचं. घाटावरची वस्तू घरात? शोभानेसुद्धा कानांवर हात ठेवले. मॅडमचं म्हणणं, मी घाटावर जाणार म्हणून मी तुमची कोणी राहणार नाही का?

मग आली रंगीत तालीम. होय, तालीम. जे ड्रॉइंगवर आहे ते प्रत्यक्षात तपासल्याशिवाय मॅडम कशावरही सही करत नसत. थंडीतला रविवार, सकाळची वेळ, घरापुढचं अंगण. मॅडम पदर नीट खोचून, चष्म्यासकट बंगईवर आडव्या झाल्या. आम्ही चौघी चार टोकांना. शोभाने उचलायच्या आधी चपला काढल्या. तिला कोणी सांगितलं नव्हतं; तिरडीला चपला घालून हात लावायचा नसतो, एवढंच तिला ठाऊक. तिचं पाहून आम्ही तिघींनीही काढल्या आणि उचललं. उचलल्याबरोबर माझा कोपरा असा खाली गेला की मॅडम डोक्याच्या बाजूने घसरल्या. त्यांनी पाइप धरला म्हणून वाचल्या.

वर आडव्या असतानाच त्यांनी विचारलं, "तुझ्या चपलेची टाच किती आहे, मीना?"

मी सांगितली.

"म्हणजे तुम्हा सगळ्याइचे मापं मी चपला घालून घेतले," त्या म्हणाल्या. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत अर्ध्या मिलीमीटरची चूक पकडणारी बाई घाटावर अनवाणी जातात हे विसरली होती, कारण घाटावर तिला कोणी जाऊच दिलं नव्हतं. त्या हसायला लागल्या. वर त्या हसताहेत, खाली आम्ही हसतोय, आणि तिरडी गदागदा हलतेय. नेमका त्याच वेळी एक सज्जन स्कूटरवरून फाटकासमोर आले. त्यांनी स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं आणि भक्तिभावाने हात जोडले. मॅडमना ते दिसलं. त्या भल्या घरच्या, नमस्कार घेतल्याशिवाय राहतील कशा? त्यांनी आडव्यानेच हात जोडले. सज्जन स्कूटर सुरू करायचं विसरून ती हाताने ढकलत गल्लीबाहेर गेले.

माप नव्याने घेतलं गेलं, सगळ्यांना अनवाणी उभं करून. वजनाचाही मुद्दा निघाला, कारण वंदनावहिनींचा खांदा दुसऱ्या दिवशी सुजला. मॅडमनी त्या दिवसापासून भात सोडला. तुम्ही माझ्यासाठी खांदा देणार, मी तुमच्यासाठी भात नाही का सोडणार, म्हणाल्या. आलूबोंडा मात्र सोडला नाही.

तालमीची बातमी नरखेडपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. भासरे एसटीने आले, संत्र्यांचं पोतं घेऊन, बरोबर त्यांची बायको, मॅडमची मोठी जाऊ. मी तिथेच होते. भासरे बंगईवर बसले. त्यांना कोणी सांगितलेलं नसावं की ऐकून होते तीच ही वस्तू. जाऊबाई डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या. नवऱ्यासमोर त्या उंच आसनावर बसत नसत. मॅडम म्हणाल्या, बाई, खुर्चीवर बसा, तरी त्या हलल्या नाहीत.

भासऱ्यांनी आधी पाऊसपाणी, मोसंबीचा भाव, बोअरचं पाणी असं सगळं काढलं. मग मूळ मुद्द्यावर आले. गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, माझी तिरडी, माझे खांदे, गावाचं तोंड यात कुठून आलं? यावर ते जे बोलले ते मी विसरलेले नाही. ओरडून नाही, समजुतीच्या आवाजातच म्हणाले, "तू मेल्यावर तुले कोण विचारते, कुसुमबाई? तेव्हा बोलाले तू राहशील का? आमी येऊ, आमच्या रीतीनं घेऊन जाऊ."

मॅडमचा चेहरा असा उतरला की मला भासऱ्यांचा नाही, मृत्यूचाच राग आला. भासरे हात धुवायला आत गेले. तेवढ्यात जाऊबाई उठल्या, बंगईपाशी आल्या, आणि ते चार लोड एकेक करून हाताने दाबून पाहिले. मग हळूच विचारलं, जड जाते का? मॅडम म्हणाल्या, चौघी असल्या तर नाही जात. जाऊबाई पुन्हा जागेवर जाऊन बसल्या.

ते दोघं गेल्यावर मॅडम बराच वेळ संत्री सोलत बसल्या. खाल्ली एकही नाही. मग म्हणाल्या, "खरं आहे त्याइचं. मेल्यावर मी काहीच करू शकत नाही. मंग वस्तूच अशी पाहिजे का माझ्या जागेवर तिनं भांडलं पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी पाइप आणि गाद्यांचे साचे कळमेश्वरला गेले आणि वेल्डिंग होऊन आले. गाद्यांसकट पाइप बसावेत म्हणून चौकटीखालच्या कड्याही उघडमिट होणाऱ्या करून घेतल्या. आता त्या गाद्या काढता येत नव्हत्या की त्यांची अदलाबदल करता येत नव्हती. एका टोकाला माझी उंची, दुसऱ्याला मृणालची, तिसऱ्याला शोभाची, चौथ्याला वंदनावहिनींची, कायमची. चार सारख्या उंचीच्या पुरुषांनी ती तिरडी उचलली तर ती सरळ राहणंच शक्य नव्हतं. बंगईवर आता टेकायला लोड राहिले नाहीत. मॅडम ताठ बसायच्या. भासऱ्यांनी उंची काढली ना, म्हणायच्या, आता उंची पाहून घेऊ देत त्यांना.

शेवटच्या आजारात त्या महिनाभर त्याच बंगईवर पडून होत्या. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती. अंगावरचं मांस गेलं होतं. मी भेटायला गेले की डोळे उघडून म्हणायच्या, तुमचं काम हलकं करून राहिली. मला रडू यायचं आणि त्यांना ते आवडायचं नाही. मृणाल पुण्याहून येऊन राहिली होती. फेब्रुवारीत, एका सकाळी, चहा निवू द्या म्हणाल्या आणि तो प्यायच्या आधीच गेल्या.

दुपारपर्यंत गावाकडची माणसं आली. भासरे, पुतण्या, भावकी, आणि या वेळी जाऊबाईसुद्धा. गाडीवर बांबू आणले होते. फाटकाबाहेर तिरडी बांधायला सुरुवातही झाली. मृणाल कोणाशी भांडली नाही. तिने पडदा उतरवला, पाइप काढले, बंगईच्या साखळ्या सोडल्या, आणि आईला त्या नवारीवर ठेवून आम्ही सगळ्यांनी मिळून बांधलं. पुतण्या आत आला. बरं, यावरच न्यायची तर यावर नेऊ, पण उचलणार आम्ही, असं म्हणून त्याने तीन जणांना हाक मारली. चार दांडगे पुरुष. उचलली आणि तिरडी अशी वाकडी झाली की मृणालच्या तोंडून "आई" निघालं. त्यांनी ती घाईने खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. पुतण्या गाद्यांशी खटपट करू लागला. त्या निघणाऱ्या नव्हत्या. मग तो बाजूला झाला. भासरे भिंतीकडे बघत उभे राहिले. मला त्या क्षणी मॅडमना हाक मारून सांगावंसं वाटलं की जिंकलात.

आम्ही चपला काढल्या. मृणाल, शोभा, मी. चौथा कोपरा रिकामा होता.

वंदनावहिनी खाली आल्या नव्हत्या. शोभा दोनदा जाऊन दार वाजवून आली. आतून आवाज येत होता, दार उघडलं नाही. खिडकीचा पडदा हलत होता. त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत आहे आणि आता माझा त्यांच्यावर राग नाही, पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या खांद्याच्या मापाची गादी कायमची वेल्ड केलेली होती आणि खांदाच नव्हता. पुतण्या पुढे आला, म्हणाला, मी लागतो तिथं. मृणालने नको म्हणून मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी शववाहिनी थांबली होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता. ऊन चढत होतं आणि आम्ही तिघी तिथे उभ्या होतो.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जाऊबाई उठल्या. कोणाला काही न विचारता चालत आल्या, पायातल्या चपला काढल्या, डोक्यावरचा पदर खाली घेऊन कमरेला खोचला, आणि चौथ्या कोपऱ्याशी बसल्या. वय सत्तरच्या पुढे, पाठीत वाकलेल्या. वंदनावहिनींच्या मापाला त्यांचा खांदा कुठून पुरणार? मृणालने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपला कोपरा धरला. आम्ही उचललं.

तिरडी कलली. त्यांच्या बाजूने चांगली वीतभर खाली गेली. मॅडमचं डोकं त्या बाजूला वळलं, कपाळावरची फुलं घरंगळून जाऊबाईंच्या हातावर पडली. पण बांधलेलं घट्ट होतं. पडलं काही नाही. जाऊबाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

भासरे मागून धावत आले. "कलून राहिली," म्हणाले, "अवं, कलून राहिली पाहा. सोड, आमाले दे."

जाऊबाईंनी वळून पाहिलं नाही.

"कलू द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच पहिलं पाऊल उचललं. धोटे मॅडम तशाच एका अंगावर कललेल्या, आमच्या चौघींच्या खांद्यांवरून फाटकाबाहेर पडल्या, आणि बांधून ठेवलेल्या बांबूंना वळसा घालून पुरुष मागून चालू लागले.